मौनाची संथा

(पनवेल, २००९. वसुंधरा ऑफिसात हाफ डे टाकून अकरा महिन्यांच्या वरदला डॉक्टरांना दाखवून आली आहे. त्याला आतल्या खोलीत ताईजवळ, आभाजवळ, बसवून ती सासऱ्यांशी बोलते आहे.)

वसुंधरा : टेस्ट नॉर्मल आली, बाबा. कान उत्तम आहेत त्याचे.

कमलाकर : मग चिंता कसली, सूनबाई? वरद शांत प्रकृतीचा आहे. शेजारी तर हेवा करतात.

वसुंधरा : भूक लागली तरी रडत नाही, बाबा! दिवाळीत 'बाबाबा' करायचा, आता तेही नाही. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर त्याच्याशी कोण बोलतं?

कमलाकर : मी आणि आभा आहोत की. मी आभाला स्तोत्राची संथा देतो. मी एकदा म्हणायचं, तिनं दोनदा. तो शेजारीच बसलेला असतो. साडेचार वर्षांची पोर, पण उच्चार कसे स्वच्छ!

वसुंधरा : आणि चुकली तर?

कमलाकर : हात उगारणं आमच्या गुरुजींना ठाऊक नव्हतं. शिष्य चुकला की ते मौन धरीत. मुद्रा निर्विकार. तो आपणहून पहिल्यापासून म्हणेपर्यंत त्याच्याकडे पाहतही नसत. मीही तेच व्रत पाळतो.

वसुंधरा : ती रडली तरी?

कमलाकर : प्रारंभी रडत असे. आता मुळीच रडत नाही.

वसुंधरा : आता रडत नाही... बाबा, जरा इकडे या. हळू. पडद्याआडून बघा.

कमलाकर : वरद हात पसरतो आहे तिच्याकडे.

वसुंधरा : आणि ती?

कमलाकर : मांडी घालून ताठ बसली आहे. भिंतीकडे पाहते आहे. सूनबाई, ही... ही तर माझी मुद्रा.

वसुंधरा : बघा, हात खाली घेतले त्यानं.

कमलाकर : आभा! अगं, उचलून घे त्याला. बोल त्याच्याशी!

आभा : थांबा ना, आजोबा. मी संथा देतेय.

कमलाकर : कसली संथा, बाळ?

आभा : न रडायची. त्याला आता सगळी येते.

कमलाकर : माझं चुकलं, आभा. फार चुकलं. इकडे बघ ना... आभा?

वसुंधरा : आभा, आजोबा तुझ्याशी बोलताहेत!

कमलाकर : रागावू नकोस तिला. मी चुकलो म्हणालो ना. आता मी पहिल्यापासून म्हणेपर्यंत ती पाहायची नाही. पण सूनबाई, पहिल्यापासून म्हणजे कुठून गं?