अस्वलाने मोडलेला माझा डावा पाय

हाड खोटं बोलत नाही म्हणे! अहो, मोडला होता उजवा पाय, मग यांना डाव्यात नाक खुपसायची गरज काय? आं? शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे एक वाक्य माझ्या पदरचं आहे, पण ते कुठलं ते शेवटी सांगेन, आत्ता मध्ये बोलू नका!

झालं असं, की मार्चमध्ये सौनातून, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरातून, वाफाळत बाहेर आलो आणि पायरीवरच्या बर्फावरून असा घसरलो (गावात मी छपरावरून पडलो असं सांगितलंय, ते सोडा) की उजव्या नडगीचा पार भुगा! सुपिरियर सरोवराच्या काठाकाठाने अडीच तास गाडी हाकत मोठ्या इस्पितळात नेलं, आणि स्कॅनच्या नळकांड्यात घातले ते दोन्ही पाय! मी म्हटलं, अगं, मोडलाय एक! तर काँप्युटरवर हाडं जुळवणारी टॅन्सी नावाची पोर, माझ्या बुटांपेक्षा वयाने लहान, म्हणते कशी, "मिस्टर कोस्केला, उजव्याचा चुरा झालाय. तो मूळचा कसा होता ते डावा सांगेल. डाव्याचं चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं, त्यावर तुकडे बसवायचे, की कळतं हाडाला जोडायची धातूची पट्टी कशी वाकवायची. फक्त सांगा, डावा कधी मोडला होता का?"

आता काय सांगू, कपाळ! शेजारी बसली होती मार्लिस, माझी बायको. आणि तीस वर्षांपूर्वी याच मार्लिसच्या कुत्र्याला वाचवताना अस्वलाने माझा डावा पाय मोडला होता ना! सहा आठवडे तिने मला माशाचं सूप पाजलं, सातव्या आठवड्यात लग्नाला हो म्हणाली, आणि तेव्हापासून मी इमानेइतबारे डावा पाय ओढत चालतोय!

"मोडला होता," मी म्हटलं. "दोन ठिकाणी."

टॅन्सीचा चेहरा पडला. "मग तो नमुना म्हणून चालणार नाही. अंदाजाने जुळवावं लागेल. पाय वाकडा बसला तर जन्मभर काठी." आणि तिने पडद्यावर माझं डावं हाड गरगर फिरवलं... आणि थांबली. "पण मोडलेलं हाड जुळलं तरी खूण राहते. इथे तर ओरखडासुद्धा नाही! हाड खोटं बोलत नाही, मिस्टर कोस्केला."

मी म्हटलं, माझं लवकर भरून येतं! तिने सर्जनला बोलावलं. त्याने चष्मा चढवला. "दोन ठिकाणी? अहो, हे तर आत्ताच दुकानातून आणल्यासारखं आहे!" तुम्हाला सांगतो, एकीकडे पाय, दुसरीकडे संसार, आणि मध्ये मी, मागून उघड्या त्या इस्पितळाच्या झग्यात!

"ऑर्व्हो," मार्लिस हळूच म्हणाली, "काठी धरायचीय का जन्मभर?"

"नाही मोडला," मी म्हटलं. "मुरगळला होता. फळ्या मीच बांधल्या."

"आणि अस्वल?"

"अस्वल होतं! ...लांब होतं."

तशी ती टॅन्सीकडे वळली. "डावाच नमुना धर, पोरी. फक्त उजवा अर्धा इंच आखूड ठेव. ह्याला लंगडायची सवय आहे!" सगळी खोली हसली, मीसुद्धा.

ऑपरेशन झकास झालं. पाय सुतासारखा सरळ. टॅन्सीने माझ्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना भेट दिला, वर तेच, "हाड खोटं बोलत नाही!"

तर ते अर्ध्या इंचाचं वाक्य... ते माझं, त्यावरचं खोलीभर हसूही त्यातच धरा. मार्लिस तसं म्हणालीच नाही. ती काहीच म्हणाली नाही. परतीचे अडीच तास नाही, पुढे आठवडाभर नाही. ती शांतता मला ऐकवेना, म्हणून तिच्या तोंडी एक विनोद घातला, दुसरं काय!

आता बोलते. "मीठ कमी आहे," म्हणते. हल्ली सूप मी करतो ना! आणि ते प्लास्टिकचं हाड तिने शेगडीवरच्या फळीवर ठेवलंय. पाहुण्यांपुढे मी नुसतं "एकदा काय झालं, एक अस्वल..." म्हटलं, की पळीने त्याच्यावर टक् टक्! हाड खोटं बोलत नाही, कबूल... पण तीस वर्षं गप्प बसलं होतं ना मेलं? मग आणखी तीस बसायला त्याच्या बापाचं काय जात होतं!