मारुतीचं उरलेलं तेल

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या शाळेचे हेडमास्तर राधाकृष्णराव, व्यासपीठावरची थोर मंडळी, टपाल कचेरीतले माझे सोबती, आणि कामधाम सोडून इथं सतरंजीवर येऊन बसलेल्या राहात्याच्या बंधुभगिनींनो,

मघाशी अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि हळूच म्हणाले, "पीरमहंमद, आता आराम करा." तेव्हापासून माझं भाषणात लक्ष नाही. असं का म्हणाले असतील? काम नीट होत नव्हतं, असं तर सुचवायचं नव्हतं? हसू नका. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. मी तोंड न पोळताच फुंकत आलो.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझी स्तुती केली, त्याहून जास्त माझ्या सायकलची केली. ऐन लढाईत सामान मिळत नसताना ती चालू कशी राहिली, असं त्यांनी विचारलं. सांगतो. मी ती कुठल्याही कारागिराच्या हाती दिली नाही. का द्यावी? त्या दिवसांत बेअरिंगातले विलायती छर्रे काढून देशी घालायचे आणि वर पानसुपारीही तुमच्याकडूनच खायचे, अशी नावं न घेता कितीतरी उदाहरणं देता येतील. तेव्हा माझी गाडी माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखतच उघडायची.

बेचाळीसच्या धामधुमीत ती जड चालायला लागली. पुणतांब्याच्या वाटेवर चढ नाही की वाळू नाही, तरी मला धाप लागायची. एक दिवस पायडल जागच्या जागी आवळलं. तुम्हाला काय वाटलं असतं? गाडी जुनी झाली, असंच ना? मला वाटलं, घात! जागोजाग टपालपेट्या जळत होत्या. डाक अडवायची तर पोस्टमनची सायकल आवळून टाकणं काय कठीण?

घरी आणून उलटी केली. पायडलचा आस ज्या दोन वाट्यांत फिरतो, त्या छर्र्यांसकट घट्ट बसलेल्या. डावी हातोडीला दबून सुटली. उजवी वाटी मात्र उलट्या आट्याची असते, म्हणजे सगळं जग जिकडं फिरवून सोडतं, तिकडं ही आणखी आवळते. ते मला ठाऊक होतं, योग्य दिशेनंच जोर लावला, तरी हलेना. रॉकेल घालावं तर ते रेशनवर, दिव्यालाच पुरत नव्हतं. शेवटी माझी घरवाली सरवरी चुलीवरचं उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन आली. म्हणाली, "व्हा बाजूला. चिकटलेलं भांडं हातोडीनं घासतात का?" पाणी ओतत गेली, मी पान्यानं दाबत गेलो, आणि ती वाटी कर्रकन सुटली.

आत छर्रे होते, पण पिवळ्या डिंकात रुतलेले. सरवरीनं वास घेतला. "ही करडई आहे. मोटेच्या कातड्याला लावतात त्या रोगणासारखी सुकलीय."

मी कधी करडईचं तेल घातलं नव्हतं. मग घातलं कोणी? आसावर तेल घालायला एक भोक असतं, त्यावर टोपण. दुरुस्ती झाल्यावर मी त्या टोपणावर कचेरीतल्या लाखेचा ठिपका दिला. सरकारी लाख अशी वापरली, हे पोस्टमास्तरांनी आता ऐकलंच आहे, तर ऐकू दे. एरवी ठिपका शाबूत राही, आणि शनिवारी नेमका फुटलेला! मग मी एका शनिवारी थांब्याथांब्यावर तपासत गेलो. शेवटी गोदाकाठच्या एका वस्तीवर गाडी ओट्याला टेकवली, पाणी प्यायचं निमित्त केलं आणि कडब्याच्या गंजीआडून बघत राहिलो.

आली रतनबाई. तिचा एकुलता एक भिमाजी पलटणीत, समुद्रापार. तिनं नखानं लाख उडवली, वाटीतलं तेल भोकात सोडलं, आणि माझ्या सायकलीला दोन्ही हात जोडले.

मी पुढं झालो. "रतनबाई, हा काय प्रकार?"

ती दचकलीसुद्धा नाही. "शनवार हाय न्हवं का, भाऊ. मारुतीला घातलं, उरलं ते हिला घातलं."

"सायकलला?"

"मारुतीनं डोंगर आनला आसंल. माज्या भिमाजीचं पत्र तर हीच आनती ना? लई दिस झालं, आलं न्हाई. म्हनलं, हिची चाल मंदावली आसंल."

सभ्य गृहस्थहो, शब्द माझ्या ओठांवर आले होते. बाई, तुझ्या तेलानंच ही आवळली, असं म्हणणार होतो. पण मग तिनं काय धरलं असतं मनात? माझ्याच हातानं माझ्या लेकराचं पत्र अडलं, हेच ना? पाण्याचा तांब्या तिच्या हाती दिला आणि निघालो. तेव्हापासून दर महिन्याला अंगणात उकळतं पाणी, सोडा, उलटा आटा. सरवरीनं कधी कुरकुर केली नाही.

ही गोष्ट मांडवाबाहेर जाऊ नये. तुमचा मला भरवसा नाही, तरी सांगतो, कारण माझ्या जागी येणारा हा मच्छिंद्र. गाडी मी त्याला देऊन चाललोय, आणि काल हा म्हणाला, "चाचा, त्या भोकाला डाख देऊन ते बुजवून टाकतो, कचरा जातो." एकट्याला समजावलं असतं तर विसरला असता. आता शंभर साक्षीदार आहेत.

मच्छिंद्र, डाख देऊ नकोस. लढाई संपली, पोरं परत आली, भिमाजीचं काहीच कळलेलं नाही. शनिवारी तिच्या ओट्याला गाडी टेकव आणि पाणी माग. ती म्हणेल, "रांजन मागं हाय, घ्या." मागं जा, आणि सावकाश पी, बाबा.

आपण माझा सत्कार केलात, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कुणावर उगाच संशय घेतला असेल तर पोटात घाला. कुणाचं पत्र माझ्या हातून उशिरा पोचलं असेल, त्यांनीही माफ करावं. भिमाजीचं एक पत्र मात्र माझ्या हाती आलंच नाही, म्हणून पोचलंच नाही. त्याची माफी मला त्या माउलीकडे मागता येत नाही, म्हणून ती आज तुमच्याकडे मागतो.