खांदा

मैदानावरच्या टपरीपुढे सॉसेज रोलसाठी रांग होती. माझ्यापुढे ग्लेनिस आणि कोरल, त्यांच्यापुढे मेलबर्नच्या बड्या फुटबॉल क्लबचं जाकीट घातलेला एक माणूस.

"ऐकलंस का ग्लेनिस? क्लब नवी पोरं निवडतात त्या ड्राफ्टला अजून अवकाश आहे, पण आपल्या डार्सीला आत्ताच गाळलाय."

"का म्हणून?"

"मेलबर्नवाल्यांचा माणूस बेंडिगोला खास याला बघायला आला आणि हा मॅचलाच गेला नाही. म्हणे, पोराचं खेळात मन नाही."

"जळ्ळं मेलं ते मन! बैलबाजारात असल्यासारखे पोरांच्या उड्या मोजतात, आईची उंची विचारतात. पोरगा होता कुठे, ते विचारलं का कुणी?"

"हळू बोल. पुढे उभा आहे, तोच तो."

"मग मोठ्यानेच बोलते. अहो, जाकीटवाले!"

तो वळला. "विचारलं होतं बाई. काम होतं, एवढंच म्हणाला."

"कामच होतं! ज्यांनी त्याला चेंडू मारायला शिकवलं, त्या कोचच्या शवपेटीला खांदा देत होता तो."

"मग तसं सांगायचं ना."

"मेलेल्या माणसाचं भांडवल करायचं? तुमच्या क्लबात करत असतील, आमच्या गावात नाही करत!"

त्याने विचारलं, "कोण होते कोच?"

कोरलने मागे वळून पाहिलं आणि तिला मी दिसले. तिने ग्लेनिसचा दंड धरला.

"माझे वडील," मी म्हणाले. "तुम्ही बघायला येणार होतात, हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं."