बकरी देऊन सोडवलेला लेक

नाही, मले कोनी समजावू नका! पोटचं पोट्टं सगळ्या देऊळघाट गावादेखत बापाले ‘उत्तमराव’ म्हनते, अन् तुमी म्हनता, जाऊ द्या, लहान हाय… लहान हाय? पाच वर्साचं झालं, शेजारच्या कुत्र्यालेसुद्धा ‘दादा’ म्हनते, अन् मले उत्तमराव! जसा काही मी त्याच्या घरी सारा वसूल कराले आलो!

तुमाले सांगतो, हे झालं कसं. माह्या रुखमाची पहिली दोन लेकरं गेली. याच्यावर हसू नका, मीही कधी हसलो नाही. म्हनून तिसरं झालं तवा जुन्या मान्साईनं सांगतलं, आता हे आपलं म्हनूच नका, विकून टाका. आपल्याकडं रीतच हाय ना! लेकरू सुपात घालाचं, उकिरड्यावर नेऊन ठेवाचं, अन् शेजारनीनं सूपभर जवारी देऊन विकत घ्याचं, म्हनजे मरन दारात आलं तरी त्याले वाटते, हे तर दुसऱ्याचं पोट्टं, चाल बापा वापस! नावही कडूबा ठेवलं, कोनी गोड समजून उचलू नये म्हनून.

विकत घेतलं मनकर्णाबाईनं. आमच्या भितीले भीत लागून घर, बाई एकटी, माह्या मायच्या वयाची, मांगं वांग्या-मेथीचा मळा. तिनं सूप उचललं अन् झालं, पोट्टं तिचं! आता दूध पाजनार रुखमा, आंगडं शिवनार मी, ताप आला त चिखलीहून वैद्य आननार मी, पन कोनी विचारलं, कोनाचा बे तू, त मनकर्णाबाईचा! आपल्या वऱ्हाडाचं नाही का… नाव निजामाचं, हुकूम साहेबाचा, कचेरी नागपूरले, अन् सारा भरनार कोन? आपन! तसंच झालं हो माहं. लेक माहा, कारभार मनकर्णाबाईचा!

अन् बोलाची सोय नाही! मी ‘माह्या लेका’ म्हनलं का रुखमा तोंडावर हात ठेवे, हळू, कोनी ऐकन. आता पोट्टं बोलाले लागलं, त दोन दोन माया, एक घरची माय, एक मळ्यातली माय. अन् बाप? बाप एकही नाही! मनकर्णाबाई रोज सकाळी भितीवरून आवाज दे, ‘उत्तमराव, तुमचा बैल माह्या मेथीत शिरला,’ ते यानं ऐकलं अन् पाठ केलं. पहिल्यांदा मले हाक मारली त काय म्हने? ‘उत्तमराव, बैल!’

मंग म्या डोकं चालवलं. म्हनलं, पोरगं खाते-झोपते मनकर्णाबाईकडं, ते आपल्या अंगनात आलं पाह्यजे, याले काहीतरी लोभ लावा. चिखलीच्या बाजारात कापूस घालाले गेलो होतो, तिथून एक बकरीचं पिल्लू आनलं, भुऱ्या रंगाचं, खांद्यावर टाकून. वाटंत त्यानं माह्या नव्या बंडीचं काय केलं ते विचारू नका. पन काम झालं! दुसऱ्या दिसापासून कडूबा आमच्या अंगनातून हलेना. आपल्या भाकरीतला घास तिले दे, बाभळीचा पाला आनून दे, तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपे. नाव ठेवलं भुरी. मी आपला तिथं दोरी वळाचं निमित्त करून बसे. पोट्टं म्हने, ‘उत्तमराव, सरका थोडे, भुरीच्या अंगावर ऊन पडून नाही राह्यलं.’ सरकलो मी! राग आला का? नाही आला. आनंदानं सरकलो. माह्या अंगनात माहा लेक मले सरक म्हनते, हे काय कमी होतं?

पाचवं वरीस सरलं. आता रीतीनं लेकरू सोडवून आनाचं. शेजारनीले सूपभर जवारी वापस द्याची, लुगडं-खन द्याचा, अन् पोरगं घरी. सोपं काम. सगळा मोहल्ला जमला. अन् तिथं तो मोतीराम… तुमाले मोतीराम माहीत हाय, लोकाच्या घरचं लग्न असो का मयत, याची जीभ पहिले हजर… मोतीराम म्हने, ‘काहो उत्तमराव, एकुलता एक लेक, अन् सूपभर जवारीत सोडवता?’ झालं! माहं डोकं फिरलं. म्हनलं, माहा लेक काय जवारीच्या भावाचा हाय? उठलो, भुरीचं दावं सोडलं, अन् नेऊन बांधली मनकर्णाबाईच्या दारात. रुखमा मांगून माह्या धोतराचा सोगा वढून राह्यली, ‘बकरी राहू द्या, अवो बकरी राहू द्या,’ अन् मी म्हनतो, बायकाईनं मधात बोलू नाही! लोक म्हनले, वा उत्तमराव, याले म्हनतात बाप! आता सांगा, गावानं ‘वा’ म्हनल्यावर मानूस थांबते का?

पोराले खांद्यावर घेतलं, घरी आनलं, पाटावर बसवलं, गुळाचा खडा देल्ला. म्हनलं, म्हन आता, बाबा. त्यानं गूळ खाल्ला, अंगन पाह्यलं. ‘भुरी कुठं हाय?’ म्हनलं, तिकडं देल्ली, तुले सोडवाले. पोट्टं उठलं, बाजेवरची आपली वाकळ काखेत मारली, अन् दारात उभं राहून मले सांगते…

‘बकरी जिकडं, मी तिकडं.’

घ्या! ज्या बकरीसाठी पोरगं माह्या अंगनात येत होतं, नेमकी तेच बकरी म्या पोराले आनाले देऊन टाकली! आधी निदान दिवसभर तरी इकडं असे, आता तेही नाही. जवारी गेली असती त काय, दान्यामांगं कोनाचं पोरगं जात नाही! लेक माहा, बकरी माही, अन् कारभार मनकर्णाबाईचा!

तुमी म्हनान, मंग बकरी वापस आनाची ना. अहो, मनकर्णाबाईच आली सांगाले, ‘न्या बापा तुमची बकरी, माही मेथी बुडासकट खाल्ली तिनं.’ मी दावं घ्याले निघालोच, त रुखमा दारात आडवी. सोडवनीचं देल्लेलं वापस घेत नसतात. घेतलं त सोडवन मोडते, अन् ते पोरावर येते. म्हनलं, असं काही होत नसते. तवा हळूच म्हनली, ‘दोनदा पाह्यलं म्या. तिसऱ्यांदा मले पाहाले लावू नका.’

बसलो मी खाली.

असे दिवस काढले, तिकडं भुरी गाभन राह्यली. एक दिवस दुपारी मी वखराचं जू बांधून राह्यलो होतो, अन् भितीपलीकडून हाक आली, ‘बाबा! लवकर या, भुरीचं पिल्लू अडकलं!’ तुमाले खोटं नाही सांगत, मी भीत चढून गेलो. दरवाज्यानं नाही, भितीवरून! धोतर तिथंच फाटलं. भुरी आडवी पडलेली, पोट्टं तिचं मुंडकं मांडीवर घेऊन रडून राह्यलं. हात घालून पिल्लू सरळ केलं, काढलं, मांगून आनखीन एक आलं. दोन्ही जित्ते. पोरगं माह्या गळ्यात पडलं अन् मी रडलो, हाव, मोठ्यानं रडलो, काऊन नाही रडाव? पाच वर्सं म्या तेवढ्या एका हाकेची वाट पाह्यली होती. म्हनलं, राज्या, काय म्हनलं तू मले? पुन्हा म्हन. त म्हनते काय…

‘उत्तमराव म्हनलं का तुमी लवकर उठत नाही. घरची माय म्हनली, बाबा म्हन, पळत येते.’

ऐका! बायकोही सामील! अन् काम सरलं का मी पुन्हा उत्तमराव!

आता बाळंतीन बकरी अन् दोन पिल्लं मनकर्णाबाईच्या मळ्यात कुठं राहनार? म्हनून त्या दोघी बायाईनं तोड काढली. बकरी मनकर्णाबाईचीच, पन आमी ते अर्धेलीनं पोसाची, म्हनजे चारा आमचा, राखन आमची, अन् पिल्लं अर्धी अर्धी. सोडवन मोडली नाही, रीतही राह्यली. चिखलीहून खांद्यावर आनलेली माही बकरी माह्याच घरी आली, दुसऱ्याची म्हनून! पन मी खुश. काऊन का बकरीच्या मांगं वाकळ घेऊन कडूबा आला. म्हनलं, जितलो!

कायचं जितलो? थंडी पडली. भुरीले वारं लागू नाही म्हनून ते आतल्या खोलीत. भुरीजवळ कडूबा, कडूबाजवळ रुखमा, पिल्लं माह्या बाजेवर, अन् ओसरीत कापूस छतापर्यंत. मी घोंगडं घेऊन अंगनात उभा, अन् मले कोनी म्हनतही नाही, का बापा आत ये. शेवटी मनकर्णाबाईनंच भितीवरून सांगतलं, इकडं टाका बाज, माही ओसरी रिकामीच हाय. पोराचं माहेर सुटलं, मले लागलं!

आज सकाळी तिनं भाकर वाढली, लसनाचं तिखट वाढलं, अन् माह्याकडं पाहून म्हनते, ‘उत्तमराव, पोराले सोडवाले तुमी आले होते. तुमाले सोडवाले कोनी येत नाही काय हो?’

म्हनलं, घरी निरोप देल्ला होता. ते म्हनतात, भुरीले विचारून सांगतो.