स्वतःच्या डोळ्यांनी

—नाही हो, काजळी नाही ती. राख आहे. आज राखेचा बुधवार ना, सकाळी चर्चमध्ये फादरांनी लावली. तुम्ही मोठ्या नद्यांपलीकडचे, उत्तरेचे दिसता, तुमच्याकडे कार्निवलही नाही आणि राखही नाही— सुटलात! आमच्या लिम्बुर्गात तीन दिवस नाचायचं आणि चौथ्या दिवशी कपाळ पुढे करायचं. घ्या, हे नोनेफोट घ्या, कार्निवलला तळलेले उरलेत, गार झालेत पण वर साखर आहे. कॉफीही घ्या. मी? मी ईस्टरपर्यंत सोडलीय. दरवर्षी सोडते. सुरुवातीला डोकं ठणकतं, मग देवच सवय करून देतो. बसा हो यंत्राच्या पायरीवर. मुकादम आल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही असंच सांगितलंय ना तुम्हाला? मग बसा.

मघाशी मी धावत येऊन यंत्रापुढे आडवी उभी राहिले, तेव्हा म्हणाला असाल, म्हातारीला वेड लागलं. —नाही म्हणालात? मनात म्हणाला असाल, चालतं. पण ऐका. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला नवऱ्यानं, मारियाच्या देवळीत मेणबत्ती लावून, आणि ती मी तुमच्यापाशी, अशा परक्या माणसापाशी मोडतेय. आई मारिया समजून घेईल. हा बांध तुम्ही सायकलवाटेसाठी सपाट करणार ना, त्याच्या पोटात साप झोपलेत. ॲडर. हो, विषारी— अहो, पाय कशाला वर घेताय, झोपलेत म्हटलं ना! थंडी पडली की माळावरचे सगळे इथे येतात, सशांच्या जुन्या बिळांतून खाली उतरतात आणि एकमेकांना बिलगून पडतात. वर्षानुवर्षं हाच बांध. मार्चात ऊन तापलं की वर. म्हणजे आता थोडेच दिवस हो, अगदी थोडे.

मला कसं ठाऊक? मी काय, पाव कापून डबा भरून देणारी. आमचे हे— हुब, कौलांच्या भट्टीवर होते— आणि त्यांचा दोस्त टून, पोस्टमन. रविवारी चर्च सुटलं की दोघं इथे, पालथे पडून, दुर्बीण डोळ्यांना. घरी यायचे ते गुडघ्यांना माती आणि तोंडात सापच साप. डोक्यावरच्या ठिपक्यांवरून एकेकाला ओळखायचे, नावं ठेवायचे. एक बिशप— सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन उन्हात ऐसपैस बसायचा म्हणून. आणि एकीचं नाव फीन. फीन म्हणजे मी! म्हटलं, अहो, बायकोचं नाव सापाला? तर टून म्हणतो, "वहिनी, तुम्ही दोघी सारख्याच. कुणाच्या वाटेला जात नाही, पण कुणी शेपटीवर पाय दिला की—" भरल्या ताटावरून उठवणार होते मी त्याला. ती फीन पोटुशी राहिली की हुब असं हळूच येऊन सांगायचे, जसं काही आमच्याच घरात— आम्हाला मूलबाळ नाही हो. असो. कॉफी गार होतेय.

मग एका वर्षी माळाच्या त्या टोकाला कुणीतरी काठ्यांनी ॲडर मारले आणि कुंपणाच्या तारेवर ओळीनं टांगले. टून रडला. तेव्हापासून दोघांनी ठरवलं, ही जागा कुणाला कळू द्यायची नाही. निसर्गमंडळाला नाही, विद्यापीठाला नाही. "नकाशावर ठिपका पडला की मागोमाग काठी येते," टून म्हणायचा. आणि आता बघा— ठिपका नाही म्हणून तुम्ही आलात. सायकलवाट आखली तेव्हा पाहणी करायला माणसं आली होती, चांगली माणसं, पण आली ऐन जुलैत. जुलैत ॲडर इथे कशाला असतील, ते माळावर हिंडत असतात! त्यांनी लिहिलं, काही आढळलं नाही. खोटं लिहिलं का? नाही. कुणी कुणाचं वाईट करायला निघालं नव्हतं हो, तुमच्या मुकादमांसकट.

टून वारला, गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात. हुबना या शरद ऋतूत झटका आला— उजवी बाजू गेली, वाचा गेली. खिडकीशी खाट लावलीय. जरा ऊन पडलं की आधी आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हणजे विचारतात, बिशप निघाला का? मी म्हणते, अजून नाही हो, निघेल. शुक्रवारी तुमचं यंत्र आलं, त्याचा आवाज ऐकून केवढे डोळे मोठे केले! म्हटलं, वाटेचं काम आहे. खोटं नव्हतं ते. पण तेव्हापासून त्यांच्याकडे बघवत नाही मला.

दाखवा म्हणता? कसं दाखवू? दाखवायचं तर खणायला हवं, आणि या गारठ्यात उघडे पडले की संपले.

केला की हो फोन! सकाळी चर्चमधून आले आणि कोट न काढता आधी नगरपालिकेच्या कचेरीत फोन लावला. गोड बोलत होती पोरगी. म्हणाली, बाई, नियम आहे, तिथे एक जरी दिसला असेल तरी मी काम आत्ता थांबवते. एवढंच सांगा, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय का?

आता काय सांगू तुम्हाला. इतकी वर्षं यांच्याबरोबर आले, घडीची खुर्ची घेऊन— बांधाकडे पाठ करून विणत बसायचे. भीती वाटते हो मला सापांची. हुब म्हणायचे, फीन, एकदा तरी वळून बघ, किती देखणे आहेत. नाही वळले. आणि कपाळावर राख, अजून ओली. मी तिला म्हणाले, नाही. नाही पाहिला. ती म्हणाली, मग माझा इलाज नाही. माझाही नाही, बाळ, असं म्हणून मी फोन ठेवला. एका 'हो'चं काम होतं. तेवढं जमलं नाही मला.

यंत्र बिघडलं असं तुम्हाला— नको, नको, तुमच्या पोटावर पाय कशाला. लेकरं असतील. दोन मुली? देव सुखी ठेवो.

अहो, उठलात कुठे? बांधाकडे नका जाऊ, माती ठिसूळ आहे. वाकून काय बघताय— काय? दिसला? या थंडीत? कुठे? मला तर वाळलेलं गवतच दिसतंय. आणि माझ्याकडे बघा ना बोलताना, नजर का चुकवताय? फोन कुणाला लावताय, मुकादमांना? अहो, खरं सांगा, खरंच तुम्हाला— नाही. नका सांगू. मला काही सांगू नका.

पाठीवर काळा नागमोडी पट्टा असतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तेवढं सांगा त्यांना. मी जाते. मी इथे दिसले तर ते मलाच विचारतील, आणि मी पुन्हा नाहीच म्हणेन. जाते मी.