दोन फ्रेमवर्क आणि एक कढई

"एका कामावर दोन कारभारी नेमले की काम बुडालंच!" भूम-धाराशिव एसटीत बलभीमतात्यांनी जाहीर केलं.

"मग मी उतरू, का ड्रायव्हरला उतरवू?" तिकीट देत कंडक्टरनं विचारलं.

मागच्या सीटवर राजशेखर मास्तरांनी पेपर तोंडापुढं धरला आणि कान टवकारले. तात्यांच्या शेजारी त्यांची नात हर्षाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"तात्या, अकराला बचतगटाच्या बायांना खव्याची वेबसाइट दाखवायचीय. पान कोरंच निघतंय."

"का गं?"

"तुम्ही म्हणताय तेच, दोन कारभारी. वेबसाइट चालवणारी दोन फ्रेमवर्क जोडलीत. एक मागणी घेतं, दुसरं पान सजवतं. पण मागणी आली की ती घ्यायला दोघंबी धावतात."

"आपल्या भट्टीवर गिऱ्हाईक आलं, की तुझी आजी कढई सोडून उठती का?"

"न्हाय. तुम्ही बोलता. ती खवा हलवती."

"मग त्या दुसऱ्याला सांग, दाराकडं बघायचंच न्हाय. पहिला देईल तेवढंच आटवायचं."

येडशी येईस्तोवर तिची बोटं थांबली नाहीत.

"तात्या, उघडलं! फोटोसकट!"

"अगं बया, लई झ्याक!"

मास्तरांना राहवेना.

"पोरी, हे तू केलंस?"

"आमी दोघांनी, काका."

"धन्य हाय! माझं एक काम करशील?"

"सांगा की."

"तेवढी खिडकी लाव. वारं लागतंय."