पुस्तकातली मारिनेत

—नाही, फोटो नाही माझ्याकडे, आणि असता तरी दिला नसता. वाचनालयात लावायला ब्रेसोल बाईंचा एकटीचा पुरे की! तीस वर्षं या गावच्या शाळेत शिकवलं, मुलांसाठी अकरा पुस्तकं लिहिली, बक्षीस घ्यायला पार पॅरिसला जाऊन आल्या — लावा, खुशाल लावा. त्यांच्या शेजारी माझं थोबाड कशाला? ‘खरी मारिनेत’ म्हणून? मारिनेत-बिरिनेत कोणी नाही, पोरी. मी ओदील. चौसष्ट वर्षांची, पाव विकणारी.

नऊ वर्षांची होते मी. आई घर सोडून गेली, सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणाऱ्या एका माणसाबरोबर. गाव नुसतं कुजबुजायचं — पण मला विचारलं कोणी? बाईंनी. शाळा सुटल्यावर शेगडीजवळ बसवलं, गरम दूध दिलं, आणि मी बोलत सुटले — बाबा तिला मारायचे तेसुद्धा सांगितलं. दोन वर्षांनी पुस्तक आलं. नाव तेवढं बदललेलं, बाकी घर आमचं, पावाची भट्टी आमची, लंगडा कुत्रासुद्धा आमचाच! बाबांनी वाचलं. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. बाई आल्या, इथेच उभ्या राहून रडल्या — “अहो, जिल्ह्यात पहिली येईल ती!” बाबा म्हणाले, “तुमच्या पुस्तकात येऊ दे पहिली.” झालं. मी पीठ मळायला लागले. आणि बाई? त्यानंतर खऱ्या माणसांच्या वाटेला गेल्या नाहीत, ससे नि कोल्हे लिहीत बसल्या. गेल्या मार्चमध्ये वारल्या, तोवर रोज पाव न्यायच्या माझ्याकडून. “एक लांब पाव, ओदील.” “हा घ्या.” बस, एवढंच बोलणं, इतकी वर्षं.

त्या पुस्तकाचा शेवट वाचलायस ना तू? आई परत येते, मारिनेत धावत जाऊन दार उघडते — शाळेशाळेतून पोरं रडतात म्हणे तिथे. खोटं आहे ते! साफ खोटं! आई आली होती, खरंच आली होती. क्लेरमाँ शहरात कामाला होती, मालकाच्या मुलींना वाचून दाखवताना तिच्या हाती तेच पुस्तक पडलं, दाराबाहेरूनच सांगत होती — ते छातीशी धरूनच आली, फटीतून दिसलं मला. बाबा लाकडं आणायला गेलेले. “ओदील, मी गं — उघड ना” — हाका मारतेय, दार वाजवतेय. आणि मी आत, कडीवर हात ठेवून. पाऊण तास उभी होती ती. मग गेली. परत आली नाही.

उघडीन असंच वाटलं असणार तिला. छापलंच होतं ना तसं! का लिहावं बाईंनी? कोणी सांगितलं होतं त्यांना? मी तर — त्या दिवशी, दूध पिताना — मी नुसतं म्हटलं होतं, आई आली ना बाई, तर मी धावत जाईन —

…काय बघतेस? पाव घे आणि नीघ. दुकान बंद करायचंय मला.